नाकाचा निर्णय अंतिम

चौकशी समितीच्या अहवालाचे चौथे पान म्हणते: ‘सदर दूध वितरणास योग्य ठरवले जाण्यास सहायक परीक्षकाच्या घ्राणशक्तीतील दोष कारणीभूत झाला असून, मुख्य परीक्षकांनी नियमपुस्तिकेतील सातव्या प्रकरणाचे तंतोतंत पालन केल्याचे दिसून येते.’ एका वाक्यात दोन विधाने. पहिले खोटे आहे. दुसरे खरे आहे, आणि पहिल्यापेक्षा अधिक लाजिरवाणे आहे. ‘ठरवले जाण्यास’ हा प्रयोगच पाहा. दूध जणू स्वतःच्या पायांनी उठले आणि स्वतःला योग्य ठरवून घेऊन चालते झाले. ठरवणाऱ्याचा हात वाक्यात कुठेही दिसत नाही. ‘दोष’ हा शब्द पाहा. तो कोणी मोजला, कशाने मोजला, मोजणाऱ्याचे माप कोणी तपासले, याबद्दल अहवालाची छपन्न पाने मौन पाळतात. आणि ‘दिसून येते’. कोणाला? समितीत तिघे होते. एक निवृत्त न्यायाधीश, ज्यांना दूध पचत नाही. एक अभियंता, ज्यांचा अभ्यास नळांच्या जोडणीवर आहे. आणि एक उपसचिव, जे तीनही बैठकांना वेळेवर आले आणि वेळेवर गेले. या तिघांना जे दिसून आले ते मीच त्यांना दाखवले होते.

सातवे प्रकरण माझे आहे. एकोणीस वर्षांपूर्वी मी ते लिहिले आणि त्यात एका शब्दाचाही बदल झालेला नाही, याचा मला अगदी परवापर्यंत अभिमान होता. त्यातली दोन वाक्ये आमच्या प्रयोगशाळेत शिपायालाही पाठ आहेत. ‘यंत्राचा निष्कर्ष मर्यादेच्या काठावर असल्यास प्रशिक्षित मानवी नाकाचा निर्णय अंतिम मानावा. दोन परीक्षकांत मतभेद झाल्यास मुख्य परीक्षकाच्या नाकाचा निर्णय अंतिम मानावा.’ दोन ओळींत दोनदा ‘अंतिम’. एवढा ठामपणा धर्मग्रंथांनाही जमलेला नाही. जुन्या तत्त्वज्ञांनी इंद्रियांची प्रतवारी लावताना डोळ्याला पहिल्या बाकावर आणि नाकाला शेवटच्या बाकावर बसवले होते. ती सगळी अवहेलना मी एकट्याने दूर केल्याच्या थाटात ते प्रकरण लिहिले गेले. वास्तविक मला तेव्हाही ठाऊक होते की दुधातले जे जंतू माणसाला आडवे करतात ते बहुतेक वेळा वासाने स्वतःची ओळख देत नाहीत. काही तर असे विष मागे सोडतात की जे उकळूनही जात नाही. नाकाला विष कळत नाही. नाकाला फार तर एवढे कळते की हे दूध थंडाव्याबाहेर बराच काळ राहिले असावे, आणि म्हणून संशय घ्यावा. म्हणजे नाकाला रोखण्याचा अधिकार आहे, सोडण्याचा नाही. हे मी माझ्या प्रबंधात एका तळटीपेत लिहिलेही होते. नियमपुस्तिकेत ती तळटीप आली नाही. तळटिपा असलेला मनुष्य अंतिम वाटत नाही.

ही पाने मी आज सकाळी साडेसातला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून वाचत होतो. शेवटच्या पानावर ‘मुख्य परीक्षकांचा अभिप्राय’ असा एक रकाना होता, आणि तो कोरा होता. दहा वाजता अहवाल सहीनिशी परत द्यायचा होता. माझ्या सहीबरोबर सहायक परीक्षकाची चौदा वर्षांची नोकरी संपणार होती. नुसती नोकरी नव्हे, तर या व्यवसायात पुन्हा कुठेही उभे राहण्याची शक्यताही, कारण ज्याचे नाक सदोष असल्याचे कागदावर आले त्याला दूध, लोणी, तेल, साबण, कोणीही दारात उभे करत नाही. प्रयोगशाळेत तिला ‘धाकटं नाक’ म्हणतात. मी ‘थोरलं नाक’. ही नावे टँकरवाल्यांनी पाडली आणि पुढे संचालकही तीच वापरू लागले. धाकट्या नाकाला मी शिकवले. आणि थोरल्या नाकाला गेले अकरा महिने कसलाही वास येत नाही.

हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहीत आहे. मनातल्या मनातसुद्धा मी ते कधी पूर्ण होऊ दिले नव्हते. ‘हल्ली जरा’ असे म्हणून मी थांबत असे.

“अहो, फ्रीजचा प्लग कोणी काढला?” बायको फ्रीजच्या दारात उभी होती. तिच्या पायाखाली पाणी होते.

“मी नाही.”

“मग काय त्यानं स्वतःच काढून घेतला?” ती वाकली, वायर हातात घेऊन पाहत राहिली आणि तिचा आवाज उतरला. “मीच. अक्कांचं यंत्र लावताना काढला आणि परत लावायचा राहिला. कधी बरं लावलं मी ते? संध्याकाळी, की जेवणं झाल्यावर?”

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर काल दुपारी तिला इस्पितळातून आमच्याकडे आणले. खोलीची हवा ओलसर ठेवणारे एक यंत्र तिच्या उशाशी लावायचे होते आणि त्याची आखूड वायर फक्त फ्रीजच्या सॉकेटपर्यंत पोचत होती. बोलायची तिला मनाई आहे. गरम काही द्यायचे नाही, घट्ट काही द्यायचे नाही. आठ वाजता थंड किंवा साधे दूध, आणि त्याबरोबर कुटलेल्या दोन गोळ्या. रिकाम्या पोटी गोळ्या दिल्या तर उलटी होईल आणि उलटी झाली तर टाके सुटतील, असे सर्जनने आम्हा दोघांना दोनदा बजावले होते. नाकातली नळी काल सकाळी काढली होती. तिचेही नाक सध्या कामाचे नव्हते.

बायकोने पातेले बाहेर काढून बोट लावून पाहिले. “गार नाही. कोमटपण नाही. कालचं आहे. दुकान नऊशिवाय उघडत नाही.” मग तिने जे केले ते ती सत्तावीस वर्षे करत आली आहे. दोन्ही हातांनी पातेले धरून तिने ते माझ्या चेहऱ्याखाली आणले. “वास घ्या जरा.”

आमच्या घरातली ही रीत आहे. शंका असलेली प्रत्येक वस्तू माझ्या नाकाखालून जाते. उरलेला भात, मुलीचे बंद पेटीतले जुने कपडे, औषधाची उघडी बाटली, पाहुण्यांनी आणलेले फळ. बायकोने लग्नानंतरच्या पहिल्या दोनतीन महिन्यांतच स्वतः वास घेणे सोडून दिले. “घरात सरकारी नाक असताना मी कशाला माझं झिजवू?” असे ती शेजारणींना सांगते, आणि शेजारणीही कधीकधी वाटी घेऊन दारात येतात. मी वर्तमानपत्र न मिटता, मान किंचित पुढे करून, डोळे मिटून एक श्वास घेतो आणि निकाल देतो. डोळे मिटणे अत्यावश्यक आहे. लोकांचा विश्वास नाकावर नसतो, त्या मिटलेल्या डोळ्यांवर असतो.

मी डोळे मिटले. श्वास घेतला. पातेल्याच्या काठाचा गारवा वरच्या ओठाला लागला, आणि बाकी काही नाही. काही नाही म्हणजे अंधारही नाही; अंधार निदान दिसतो. जिथे पूर्वी एक खोली होती, तिथे आता भिंत सारखी करून रंग दिलेला आहे, आणि इथे दार होते हे फक्त मला ठाऊक आहे.

“चांगलं आहे,” मी म्हणालो.

ते मी ठरवून म्हणालो नाही. हेच सर्वांत वाईट. ठरवून खोटे बोलणाऱ्याला निदान दोन गोष्टी डोळ्यांसमोर ठेवाव्या लागतात, खरी आणि खोटी. माझ्या तोंडातून निकाल निघाला तो दारावरची घंटा वाजावी तसा, कोणीतरी बटण दाबले म्हणून. बायको वळली, फडताळातून कप काढू लागली, आणि मी अहवालाचे पान उलटले.

मी सात वर्षांचा असताना एकदा वडील उशिरा घरी आले. आई वाढत होती. वडिलांनी कोट खुंटीला अडकवला आणि कचेरीत काम फार होते असे सांगितले. मी कोटाजवळून गेलो आणि मोठ्या आनंदाने म्हणालो, “बाबा दवाखान्यात गेले होते!” आईचा हात ताटावर थांबला. वडिलांनी माझ्याकडे पाहिले, त्या नजरेत राग नव्हता. पुढे चार महिन्यांनी ते गेले. त्यांना काय झाले होते हे आईला निदान त्यांच्या सोयीने कळायला हवे होते. ते माझ्या नाकाने तिला माझ्या सोयीने कळवले. अक्का तेव्हा तेरा वर्षांची होती. तिने मला मागच्या खोलीत नेऊन दंडाला चिमटा काढला आणि म्हणाली, “नाक्या, येतो म्हणून प्रत्येक वास सांगायचा नसतो.” तेव्हापासून मी नाक्या. पन्नास वर्षे मी या नावाचा अर्थ गौरव असा घेत आलो. आज सकाळी अहवाल वाचताना मला प्रथमच जाणवले की ती मला तेव्हा एक शिस्त शिकवत होती, आणि मी तिची नेमकी उलटी बाजू आत्मसात केली. आलेला वास सांगून टाकणारा मुलगा न आलेला वासही सांगणारा प्रौढ झाला.

अकरा महिन्यांपूर्वी मला ताप आला. चौथ्या दिवशी बायकोने कॉफी आणली, आणि ते तपकिरी रंगाचे गरम पाणी होते. मी तिला म्हणालो, छान झाली आहे. पहिले खोटे इतके लहान होते. परत येईल, असे वाटले, लोकांचे येते. साबण हुंगला, रॉकेल हुंगले, एका रविवारी घरात कोणी नसताना बुटांच्या कपाटात डोके घातले. मग कामावर रुजू झालो. आमच्या परीक्षणाची पद्धत अशी आहे की दोन परीक्षक समोरासमोरच्या टेबलांवर बसतात, एकाच नमुन्याच्या दोन झाकणबंद बाटल्या दोघांपुढे येतात, झाकण काढून दोघेही हुंगतात, न बोलता आपापल्या चिठ्ठीवर शेरा लिहितात, चिठ्ठ्या पालथ्या ठेवतात, आणि मग मुख्य परीक्षक त्या उलटतो. ही पद्धतही माझीच. एकाने दुसऱ्याचे पाहून लिहू नये म्हणून मी ती घातली होती. पहिल्या दिवशी झाकण उघडले, काही आले नाही, आणि मी वर पाहिले. समोर धाकटे नाक बाटलीवर वाकले होते. तिची डावी भुवई किंचित हलली आणि तिने चौथ्या सेकंदाला पेन उचलले. मी ‘संशयास्पद’ लिहिले. चिठ्ठ्या उलटल्या. दोन्हींवर ‘संशयास्पद’. “जुळलं, सर,” ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर तोच आनंद होता जो चौदा वर्षांपूर्वी पहिल्यांदा जुळले तेव्हा होता. दोन सेकंदांत पेन उचलले तर सामान्य, चार सेकंद लागले तर संशय, मान मागे गेली तर त्याज्य. अकरा महिने मी हे वाचत आलो. परीक्षेत शेजारच्या मुलाचे पाहून लिहिणाऱ्यांविषयी मला लहानपणापासून विलक्षण तिरस्कार आहे. मी तर स्वतःच्या विद्यार्थिनीचे पाहून लिहीत होतो, तिचा चेहरा माझ्या नाकाच्या जागी लावून फिरत होतो, आणि वरून तिला सांगत होतो की तुझ्यात अलीकडे प्रगती दिसते.

ज्या दुधावरून ही चौकशी बसली, त्याचा टँकर त्या दिवशी अकरा वाजता आला. वाटेत त्याचा थंडावा बंद पडला होता. किती काळ, ते टँकरवाल्याला सांगता येईना, किंवा सांगायचे नव्हते. यंत्राचा आकडा मर्यादेच्या काठावर. म्हणजे प्रकरण सात. नमुना काढताना टँकरवाला फलाटावरून ओरडला, “धाकट्या बाई, दुधाला काय हुंगता, मला हुंगा! सकाळपासून उन्हात मीपण तेवढाच तापलोय!” ती हसली. हसतच तिने झाकण उघडले, हसू ओठांवर तसेच असताना वाकली, आणि दुसऱ्या सेकंदाला तिचे पेन उचलले गेले. मी ‘सामान्य’ लिहिले. चिठ्ठ्या उलटल्या. तिच्या चिठ्ठीवर होते, ‘हलका आंबूस. रोखून धरावे.’ वास हलका असला तरी इतका स्पष्ट होता की तिला चार सेकंद लागलेच नव्हते. ही शक्यता माझ्या कोष्टकात नव्हती.

“सर, मला आंबूस वाटतंय.”

“हलका म्हणतेस.”

“हलकाच. पण आहे.”

“पुन्हा घे.”

तिने पुन्हा घेतला. “आहे, सर.”

मी तिची बाटली ओढून घेतली आणि डोळे मिटले. तीन क्षण मला पूर्ण मोकळे होते. त्यांतल्या कोणत्याही क्षणी मी ‘रोख’ म्हणू शकलो असतो आणि कोणालाही कधीही काही कळले नसते. माझी चिठ्ठी फाडणे एवढाच खर्च. पण थोरल्या नाकाची चिठ्ठी यापूर्वी कधी फाडली गेली नव्हती. मी डोळे उघडले आणि विचारले, “सर्दी झाली आहे का तुला?”

“नाही... म्हणजे सकाळी दोन शिंका आल्या होत्या.”

“मग?” मी म्हणालो. एवढेच. माझ्या विद्वत्तेने, माझ्या ग्रंथालयाने, माझ्या सव्वातीनशे पानांच्या प्रबंधाने त्या क्षणी जे उत्पन्न केले ती ही दोन अक्षरे.

ती गोंधळली. मग तिने स्वतःची चिठ्ठी उचलली, हळूच दोन तुकडे केले आणि दुसरी लिहिली. “माझंच नाक बिघडलं असेल,” ती म्हणाली, आणि माझी क्षमा मागितली.

ते दूध एका निवासी शाळेत गेले. त्रेसष्ट मुलांना उलट्या झाल्या. सगळी बरी झाली, हे अहवालात ठळक अक्षरांत आहे. एक मुलगी, वय नऊ, नऊ दिवस सलाइनवर होती, हे बारीक अक्षरांत आहे. चौकशीत धाकट्या नाकाने चिठ्ठी फाडल्याचे आपणहून सांगितले, विचारलेही नव्हते. फाडली का, असे न्यायाधीशांनी विचारले तेव्हा ती म्हणाली की सरांना वास आला नाही म्हणजे वास नव्हताच, माझा भास असणार. ‘पण वास तर होता,’ न्यायाधीश म्हणाले, ‘दूध तर खराब निघालं.’ यावर ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “मग मला कळत नाही.” मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो. तिच्या त्या गप्प राहण्यात सगळा निकाल होता; दोन पायऱ्यांचे गणित, शाळकरी मुलानेही सोडवावे असे. ती पहिल्या पायरीवर थांबली, कारण दुसऱ्या पायरीवर मी उभा होतो.

मग तिच्या नाकाची परीक्षा ठरली. बारा बाटल्या, बारा वास, आकडे घातलेल्या. कोणत्या आकड्यात काय, याचे गुप्त कोष्टक. “तुमची काय परीक्षा घ्यायची, सर,” अभियंता हसून म्हणाले, “ग्रंथकर्त्यालाच कोणी व्याकरण विचारतं का?” बाटल्या भरण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले. मी त्या एका दुपारी बंद खोलीत भरल्या. अहवालाच्या परिशिष्टात निकाल आहे: बारापैकी दहा अचूक, दोन चुका, सबब दोष सिद्ध.

बायको कपात दूध ओतत होती तेव्हा मी हे परिशिष्ट पहिल्यांदा नीट वाचले. बाटली चार: कोष्टकानुसार ‘खवट’, परीक्षार्थीचे उत्तर ‘आंबूस’. बाटली नऊ: कोष्टकानुसार ‘आंबूस’, परीक्षार्थीचे उत्तर ‘खवट’. मी ती ओळ तीनदा वाचली. ज्याला वास कळत नाही तो चुकतो तेव्हा इतस्ततः चुकतो. एका ठिकाणी कडवट म्हणेल, दुसऱ्या ठिकाणी काहीच नाही म्हणेल. दोन चुका एकमेकींच्या जागी इतक्या बिनचूक बसत नाहीत. तिची उत्तरे बरोबर होती. बाटल्याच उलटसुलट भरल्या गेल्या होत्या. खवट वासाचा द्राव नऊमध्ये आणि आंबूस चारमध्ये ओतला गेला होता, आणि ज्याला नाक आहे असा जगातला कोणताही मनुष्य, अगदी आमचा झाडूवालासुद्धा, ओतता ओतता थबकला असता. मी थबकलो नाही. मी दोन्ही बाटल्यांना व्यवस्थित झाकणे लावली, चिकटपट्टी गुंडाळली आणि चिकटपट्टीवर सही केली.

मी वर पाहिले. अक्का दारात उभी होती, शाल गुंडाळून, एका हातात वही. बोलता येत नसल्यामुळे ती सगळे वहीत लिहिते, आणि बोलत होती त्यापेक्षा जास्त लिहिते. बायकोने तिला खुर्चीवर बसवले, गोळ्यांची पूड पुढे ठेवली, कप दिला. अक्काने कप घेतला, आत पाहिले, मग वही ओढून एक ओळ लिहिली आणि माझ्याकडे वळवली. ‘नाक्याने पास केलं का?’

“केलं हो, आत्ताच केलं,” बायको म्हणाली. “निवांत घ्या.”

अक्काने मान डोलावली आणि कप उचलला. तिच्या गळ्यावरची पांढरी पट्टी मला दिसली, आणि पट्टीच्या कडेला एक पिवळट डाग.

“थांब,” मी म्हणालो.

आवाज मोठा झाला असावा. कप ओठांपाशी थांबला. दोघी माझ्याकडे पाहू लागल्या. आणि त्या क्षणी, हे मी नमूद करून ठेवतो कारण अहवालात असल्या गोष्टी येत नाहीत, त्या क्षणी मला अत्यंत सोयीची एक वाट दिसली. मला अक्काला वाचवता येत होते आणि स्वतःलाही. मी उठलो, कप तिच्या हातातून घेतला, डोळे मिटले, श्वास घेतला आणि कपाळावर एक आठी आणली.

“आंबूस आहे. ओतून टाक.”

“अहो, आत्ता तर चांगलं म्हणालात!”

“पहिल्यांदा नीट कळलं नाही. हलका आहे. पण आहे.”

माझ्या तोंडून तिचेच शब्द निघाले, धाकट्या नाकाचे, तिच्याच स्वरात. बायको संशयाने माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने एक गोष्ट केली जी मी सत्तावीस वर्षांत पाहिली नव्हती. तिने कप माझ्या हातातून घेतला, स्वतःच्या नाकाशी नेला आणि वास घेतला. तिने डोळे मिटले नाहीत. पुन्हा घेतला. पातेले उचलून त्याचाही घेतला.

“मला तर चांगलं वाटतंय हो,” ती म्हणाली. “दुधाचाच वास येतोय.” मग तिने माझ्या आठीकडे पाहिले, आणि तिच्या चेहऱ्यावरचा तो साधा, ठाम भाव माझ्या डोळ्यांदेखत विरला. “असेल बाई,” ती म्हणाली. “माझंच नाक बिघडलं असेल.”

आणि तिने कप मोरीत रिकामा करून अक्कापुढे ठेवला, आणि पातेले मोरीत उपडे केले.

दूध पांढऱ्या पत्र्यासारखे खाली गेले आणि जाळीपाशी गोल फिरले. त्यात गाठी होत्या का, कडेला पाणी सुटले होते का, ते पाहायला मी पुढे झालो, पण तिने नळ सोडला होता. चमचाभर दूध वाटीत घेऊन चुलीवर धरले असते तर दोन मिनिटांत फाटले की नाही एवढे तरी कळले असते. सुरक्षित होते की नाही ते त्यानेही कळले नसते. पण नासलेले नाही, एवढे तरी. कोणत्याही घरातली कोणतीही बाई हेच करते. आमच्या घरात सत्तावीस वर्षांत ते कोणी केले नाही, कारण ‘तापवून बघ’ असे म्हणणे म्हणजे मला माहीत नाही असे म्हणणे, आणि ते वाक्य आमच्या घरात आलेले नाही. मी दोन बायकांची नाके बिघडवली आहेत. दोन्ही नाके ठणठणीत आहेत. बिघाड मी त्यांच्या मागे, जिथे माणूस स्वतःवर विश्वास ठेवतो तिथे, केला आहे. आणि त्यासाठी मला हात उगारावा लागला नाही, आवाज चढवावा लागला नाही. एकदा ‘मग?’ म्हणावे लागले आणि एकदा कपाळाला आठी घालावी लागली.

“शेजारून आणते कपभर,” बायको म्हणाली. “तुम्ही या वास घ्यायला. म्हणजे एकदाच काय ते होऊन जाईल.”

“तूच घे,” मी म्हणालो.

“मी?”

“तूच घे वास. आणि आणलंस की थोडं तापवून बघ.”

ती उंबऱ्यात थांबली. काहीतरी विचारणार होती; मग अक्काकडे पाहून गेली. अक्का माझ्याकडे बघत होती. पन्नास वर्षांपूर्वी मागच्या खोलीत बघितले होते तसे. तिने वही ओढली, लिहिले, आणि या वेळी माझ्याकडे वळवली नाही. टेबलावरून सरकवली, अहवालाच्या कोऱ्या रकान्याला लागेपर्यंत. ‘कधीपासून?’

मी पेनाचे टोपण काढले. मला कोणती भाषा वापरावी हेच प्रथम सुचेना. ‘सदर’, ‘सबब’, ‘दिसून येते’, सगळे शब्द हाताशी येऊन रांगेत उभे राहिले, सवयीने, आणि मी एकेकाला परत पाठवले. जी गोष्ट चौतीस वर्षे मी कागदावर टाळली, ती अशी की वाक्याला कर्ता असावा आणि तो मी असावा. मी लिहीत असताना अक्काने वाचले. रिकामा कप तिने उपडा ठेवला. शेजारच्या दाराची कडी वाजली आणि बायको कोणाला तरी सांगत असल्याचे ऐकू आले, “नाही, नाही, आज मीच घेणार आहे वास.” मुख्य परीक्षकांच्या अभिप्रायाच्या रकान्यात आता जे आहे ते शब्दशः असे:

‘गेले अकरा महिने मला कसलाही वास येत नाही. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी रोज तिच्या चेहऱ्याकडे बघून माझी चिठ्ठी लिहीत होतो. त्या दिवशी तिने दूध रोखलं होतं आणि मी ते सोडलं. तिने चिठ्ठी फाडली नाही, मी तिच्याकडून फाडून घेतली. बाटली चार आणि नऊ मी उलट्या भरल्या. तिची बाराही उत्तरं बरोबर आहेत. सातव्या प्रकरणात नाक अंतिम आहे असं लिहिलं तेव्हा मला वास येत होता, आणि तेव्हाही ते खरं नव्हतं. आज सकाळी माझ्या घरचं दूध मी आधी चांगलं म्हणालो आणि मग वाईट म्हणालो. ते कसं होतं, मला माहीत नाही.’